नीती देवाकडनं येते की गावाकडनं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडं दर रविवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतो, चहा असतो, कुणीतरी विषय काढतो आणि कुठल्याही विषयावरनं गाडी शेवटी इथंच येऊन थांबते. नवा माणूस आला की परत पहिल्यापासनं. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं म्हणजे पुढच्या वेळी नुसतं वाचा म्हणून सांगता येईल. मी हायस्कूलला शिकवतो, तत्त्वज्ञानाचा प्रोफेसर वगैरे नाही, तेव्हा जे वाचलंय आणि इथं बेळगाव-खानापुरात जे बघितलंय त्यावरनं लिहितोय. पटलं नाही तर रविवारी या, भांडू.

प्रश्न: थोडक्यात सांगा सर, नीती धर्मातनं येते की संस्कृतीतनं?

थोडक्यात म्हणाल तर दोन्ही नळ आहेत. बेळगावात नळाला पाणी येतं म्हणून नळ म्हणजे राकसकोप तलाव होत नाही. नळच नसला तर पाणी घरात येणार नाही हे खरं, नळ गंजला तर पाणी लाल येतं हे पण खरं, पण पाणी मागनं कुठनं तरी येतंय की. माझ्या मते ते येतं दोन जागांवरनं. एक म्हणजे दुसऱ्याला लागलं की आपल्या आत काहीतरी हलतं, आणि दुसरं म्हणजे माणसाला एकट्यानं जगता येत नाही, आज ना उद्या शेजाऱ्याचं तोंड बघावंच लागतं. धर्म काय आणि चालीरीती काय, दोन्ही ह्याच्यावरच उभ्या राहिल्यात. एवढं सोपं आहे का? नाही, खाली येतंच.

प्रश्न: 'धर्म' म्हणजे तुम्ही नेमकं काय धरताय?

हा प्रश्न खरं तर कुणी विचारत नाही, मीच विचारतो, कारण निम्मी भांडणं इथंच होतात. इंग्रजीतल्या रिलिजनला आपण धर्म हा शब्द चिकटवला आणि तिथनं घोळ सुरू झाला. दारात कुणी 'धर्म करा माय' म्हणतो तेव्हा तो तुम्हाला कुठल्या पंथात या म्हणत नसतो. आणि शेजारधर्म तर बघा, शेजारी मयत झालं, त्यांच्या घरात चूल पेटत नाही, तर आपल्या घरनं पिठलं-भाकरी जाते, कुणी सांगावं लागत नाही, आणि ते घर लिंगायताचं असो की मराठ्याचं असो की मुसलमानाचं. ह्याला आपण धर्म म्हणतो पण ह्यात देव नाही, नवस नाही, ग्रंथ नाही.

ज्या मनुस्मृतीला बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला काडी लावली तिच्यातसुद्धा धर्म ओळखायच्या चार खुणा दिल्यात, वेद, स्मृती, चांगल्या माणसांचं वागणं आणि स्वतःच्या मनाला जे पटतं ते. म्हणजे पुस्तक, रीत आणि मन तिन्ही एकाच पंगतीला बसवलेत. तंटा झाला तर वेदाचं ऐका म्हणून लगेच पुढच्याच श्लोकात सांगितलंय ती गोष्ट वेगळी, पण मनाला पान वाढलं होतं हे विसरू नका.

अजून एक शब्द बेळगावात राहणाऱ्याला फुकटात मिळतो, 'पाप'. मराठीत पाप म्हणजे वाईट कर्म, चित्रगुप्ताच्या वहीत लिहिलं जाणारं. कन्नडमध्ये तो अर्थ आहेच, पण रोजच्या बोलण्यात पाप म्हणजे 'बिचारा'. पोरगं पडलं, पाप! म्हातारा उन्हात उभा आहे, पाप! मी लहानपणी गल्लीतल्या कन्नड बायका सारख्या पाप-पाप का करतात म्हणून घाबरायचो, मला वाटायचं काहीतरी भयंकर चाललंय. एकाच शब्दाचा एक पाय नियमात आणि एक पाय कळवळ्यात. माझा सगळा मुद्दा ह्या एका शब्दात मावतो, पण लोकांना उदाहरणं लागतात.

प्रश्न: देवाची भीतीच नसेल तर माणूस मोकाट सुटणार नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा हाच, आणि हे फक्त आपल्यालाच वाटतं असं नाही. प्यू रिसर्च सेंटरनं ३४ देशांत लोकांना विचारलं होतं की नीतीनं वागायला देवावर विश्वास असावाच लागतो का, २०२० साली रिपोर्ट आला, भारतात ७९ टक्के लोक होय म्हणाले, स्वीडनमध्ये ९ टक्के. आता स्वीडनमधले बाकीचे ९१ टक्के लोक एकमेकांचे गळे कापत सुटलेत असं काही ऐकलं नाही, आणि आपल्या ७९ टक्क्यांत किती जणांनी बांध सरकवलाय ते तलाठ्याला विचारा.

भीतीचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडायला माणूस दहा वेळा विचार करतो, कोर्टातल्या शपथेपेक्षा ती जड. पण हेच बघून निवडणुकीत मतदारांना भंडारा उचलायला लावायची पद्धत पडली, पैसे घ्या आणि शपथ घ्या. एक जण मला म्हणाला, मी दोन्ही पार्टीकडचा उचललाय, देवी एकच आहे की, ती बघून घेईल. भीतीवर उभी असलेली नीती असा शॉर्टकट काढतेच, कारण तिथं हिशोब देवीशी असतो, ज्याला फसवलं त्याच्याशी नसतो.

आता माझंच सांगतो. बैलहोंगलहून बेळगावला येत होतो, बसला गर्दी, कंडक्टरनं सुट्टे परत देताना दोन कोऱ्या नोटा चिकटलेल्या, शंभर रुपये जास्त आले. मला लगेच कळलं. आमचे वडील माळकरी, माझ्या गळ्यात पण माळ आहे, एकादशी चुकत नाही, आणि तरी मी ती नोट घडी घालून गप वरच्या खिशात सरकवली आणि खिडकीतनं बाहेर बघायला लागलो जसं काही बाहेर फार महत्त्वाचं काहीतरी चाललंय. शेजारी एक आजी बसलेली, इरकल लुगडं, कपाळाला विभूती, कर्नाटकात बायकांना बस फुकट, त्याचं ते शून्य रुपयांचं तिकीट मुठीत घट्ट धरलेलं. ती माझ्याकडं न बघता, समोरच्या सीटला बोलल्यासारखी म्हणाली, "पाप, अवन पगारदाग हिडीतार." म्हणजे बिचारा, त्याच्या पगारातनं कापतील. एवढंच. देव बघतोय म्हणाली नाही, नरकात जाशील म्हणाली नाही. माळेनं जे केलं नाही ते त्या पाप शब्दानं केलं, कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

प्रश्न: पण देवानं सांगितलंय म्हणूनच तर एखादी गोष्ट चांगली ठरते ना?

हा प्रश्न अडीच हजार वर्षं जुना आहे. ग्रीसमध्ये सॉक्रेटिसला युथिफ्रो नावाचा माणूस भेटला, तो स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला निघालेला आणि वर म्हणत होता की देवांना काय आवडतं ते मला पक्कं माहितेय. सॉक्रेटिसनं त्याला विचारलं, देवांना आवडतं म्हणून ते चांगलं, का ते चांगलं आहे म्हणून देवांना आवडतं? पहिलं म्हणाल तर उद्या देवाला खून आवडला की खून चांगला. दुसरं म्हणाल तर चांगुलपणा देवाच्या आधीच कुठंतरी आहे, देव नुसता त्याला ओळखतो. प्लेटोनं हे लिहून ठेवलंय.

पण ग्रीसला कशाला जायचं, आपली सौंदत्ती आहे की. तिथल्या रेणुकेची, म्हणजेच यल्लम्माची, गोष्ट इथं प्रत्येकाला पाठ आहे. जमदग्नीनं मुलांना सांगितलं, आईला मारा. चौघांनी नाही म्हटलं, शाप घेतला. परशुरामानं आज्ञा पाळली. आपण लहानपणापासनं हे पितृभक्तीची गोष्ट म्हणून ऐकतो, पण पुढचं नीट ऐका. बाप खूश होऊन वर माग म्हणाला तेव्हा त्यानं पहिलं काय मागितलं? आई जिवंत होऊ दे. मग, आपल्याला मारलं होतं हे तिला आठवू नये. मग, मला पाप लागू नये. महाभारताच्या वनपर्वात हे असंच आहे. आज्ञा पाळली म्हणजे बरोबर केलं असं त्याला मनापासनं वाटलं असतं तर पाप लागू नये हे मागायची गरज काय होती? कुऱ्हाड चालवताना पण त्याला माहीत होतं. आणि लोकांनी देऊळ कुणाचं बांधलं ते पण बघा. डोंगरावर गर्दी होते ती मारली गेली तिच्याकडं, जिनं मार खाल्ला तिच्याकडं. मला तर वाटतं की गोष्ट सांगणाऱ्या बायकांनी निकाल कधीच देऊन टाकलाय, आपण पुरुष अजून भक्तीवर निबंध लिहितोय.

प्रश्न: मग संस्कृतीच खरी म्हणा, ज्याची त्याची रीत ज्याला त्याला बरोबर?

हे आजकाल शिकलेल्या पोरांकडनं जास्त येतं. ह्याचं मूळ पण शिकलेल्या लोकांतच आहे, अमेरिकेत रूथ बेनेडिक्ट नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ साली मांडलं की नीती प्रत्येक समाजात वेगळी असते, समाजाला जी सवय मान्य तिलाच आपण नीती म्हणतो. त्या काळात गोरे लोक जगाला शहाणपण शिकवत फिरत होते तेव्हा हे बोलणं म्हणजे धाडसच, त्यांचा हेतू वाईट नव्हता.

पण योगायोग बघा, त्याच १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा आला, आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. पुढं १९८२ ला कर्नाटकानं मुली सोडायला बंदी घालणारा स्वतःचा कायदा केला. आता मुलगी देवीला सोडणं ही रीत होती का? होती. धर्म होता का? होता, मंत्र होते, मोती बांधायचा विधी होता, सगळं होतं. गावाला मान्य होती का? होती. म्हणजे नीती संस्कृतीतनं येते म्हणाल तर ही पण नीतीच, आणि तिच्याविरुद्ध उठलेला प्रत्येक माणूस अनीतीचा. हे कुणाला तरी पटेल का? निपाणीला १९२५ साली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली, बाबासाहेब आंबेडकर स्वतः आले होते, तिथं जमलेली माणसं गावच्या रीतीनं बघितलं तर रीत मोडणारीच होती की.

आमच्या गल्लीत एक बाई होती, केसांत जट झालेली. जट म्हणजे देवीचं बोलावणं, कापायची नाही, ही समजूत. लहानपणीच तिला सोडायचं ठरलेलं, काय काय होऊन ते टळलं, पण जट राहिली, पंधरा-सोळा वर्षं, पाठीवर दोरखंडासारखी, उन्हाळ्यात वास यायचा, मान कायम एका बाजूला. शेवटी एक नर्सबाई आल्या आणि तासभर बसून त्यांनी ती कापली. पेपरवर ठेवली तर पेपर ओला झाला, आणि ती बाई सारखी मान इकडंतिकडं वळवून बघायला लागली, जशी काय कुणाची तरी मान उसनी आणलीय. ह्या नर्सबाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी यल्लम्माचा उपास करणाऱ्या. कुणीतरी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, आईला कशाला पाहिजे पोरीची मान दुखलेली.

हे वाक्य मी दहा वर्षं चघळतोय. त्या बाईंनी देवी सोडली नाही. त्यांनी देवीलाच बजावलं की तू अशी असू शकत नाहीस. नीती धर्मातनं येत असती तर धर्मालाच दुरुस्त करायला हत्यार कुठनं आणलं असतं?

प्रश्न: लहान मुलांना हे सगळं कळायच्या आधी बरं-वाईट कळतं का?

लॅरी नुची नावाच्या संशोधकानं अमेरिकेतल्या आमिश मुलांना विचारलं होतं. आमिश म्हणजे फार कडक ख्रिश्चन, वीज-गाडी नको म्हणणारे. त्यांना विचारलं, रविवारी काम करू नका असं देवानं सांगितलंच नसतं तर चाललं असतं का? मुलं म्हणाली, चाललं असतं. मग विचारलं, दुसऱ्याला मारू नका असं देवानं सांगितलं नसतं तर? बहुतेक मुलं म्हणाली, तरीही वाईटच, कारण त्याला लागतं.

मी हे आमच्या आठवीच्या वर्गात करून बघितलं, शास्त्रीय वगैरे काही नाही, ऑफ तासाला. मंगळवारी मटण खाऊ नका असं यल्लम्मानंच मागं घेतलं तर? सगळे खूश, एक जण तर म्हणाला आजच घ्यायला लावा सर. पहिलीतल्या पोराला ढकलून दे असं यल्लम्मानं सांगितलं तर? वर्ग गप्प. मागच्या बाकावरनं आवाज आला, "मग ती यल्लम्मा नसणार सर, दुसरं कायतरी अंगात आलं असणार."

आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढंच सांगितलं. रिचर्ड श्वेडर आणि त्याच्या सोबत्यांनी ओडिशात भुवनेश्वरला आणि तिकडं शिकागोला तसाच अभ्यास केला, १९८७ ला छापून आला. भुवनेश्वरच्या ब्राह्मण घरांत जी कृत्यं अगदी वाईट धरली गेली त्यात एक असं की बाप वारल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली. अमेरिकन माणसाला ह्यात काय बिघडलं कळत नाही, कुणाला लागलं? आपल्याला मात्र वाचतानाच कसंतरी होतं. म्हणजे 'लागणं' म्हणजे काय, कुणाला लागलं असं धरायचं, मेलेल्या बापाला लागतं का, हे ठरवायला रीत मध्ये येतेच. मी वर नळ म्हटलं ते इथं थोडं लंगडं पडतं, नळ पाण्याला चव पण देतो.

प्रश्न: माकडांचा तो काकडी-द्राक्षाचा व्हिडिओ खरा आहे का?

खरा आहे, सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल, २००३. एका माकडाला काकडी आणि शेजारच्याला त्याच कामाला द्राक्ष दिलं तर काकडीवालं माकड काकडी नको म्हणतं. अन्याय कळतो असं लोक म्हणतात. पण स्वतःला कमी मिळालं तर ओरडायला नीती लागत नाही, आमच्या घरी वाटणीच्या वेळी सगळेच ओरडले होते. द्राक्षवाल्यानं द्राक्ष परत केलं असतं तर मी माकडाला नमस्कार केला असता.

तान्ह्या बाळांचा पण एक प्रयोग सगळीकडं फिरतो, मदत करणारं खेळणं बाळं निवडतात वगैरे, २००७ चा. नंतर बऱ्याच देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून तो परत केला तेव्हा तसा कल दिसला नाही. तेव्हा तो व्हॉट्सॲपवर आला तर पुढं ढकलायच्या आधी थांबा.

प्रश्न: बसवण्णा, तुकोबा ही देवाचीच माणसं होती की! मग धर्मानं काहीच दिलं नाही म्हणता?

असं कुठं म्हटलं? भरपूर दिलं. आपल्या कणकुंबीला उगवणारी मलप्रभा खाली जाऊन कृष्णेला मिळते ते कूडलसंगम, बसवण्णांचं ठिकाण. त्यांचं एक वचन इथल्या लिंगायत घरांत पोरांना पाठ असतं. चोरी नको, हत्या नको, खोटं नको, राग नको, दुसऱ्याचा तिटकारा नको, स्वतःची बढाई नको, समोरच्याची निंदा नको, हीच आतली शुद्धी आणि हीच बाहेरची. मोजा, सात गोष्टी, त्यात अभिषेक नाही, सोवळं नाही, दिशा-मुहूर्त नाही. देव येतो अगदी शेवटच्या ओळीत, आणि तो काय करतो, हे असं वागलात तर प्रसन्न होतो. हुकूम सोडणारा देव नाही हा, बघून आनंद होणारा आहे. आपले तुकोबा तर पुण्य म्हणजे परोपकार आणि पाप म्हणजे परपीडा असं दोन शब्दांत मोकळे झाले.

मग धर्मानं दिलं काय? मला वाटतं हिंमत दिली. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, शरणांमध्ये, म्हणजे बसवण्णांच्या माणसांत, ब्राह्मण घरातली मुलगी आणि चांभार हरळय्यांचा मुलगा ह्यांचं लग्न लागलं आणि परंपरा सांगते की दोघांच्या बापांना त्यासाठी जीव द्यावा लागला. नुसत्या कळवळ्यावर माणूस एवढं करत नाही हो. कळवळा बसमधल्या शंभर रुपयांपुरता पुरतो, राजासमोर उभं राहायला पाठीमागं कुणीतरी मोठं आहे असं वाटावं लागतं. हे नास्तिक मित्रांनी पण मान्य करावं. आणि दुसरं, धर्म आठवण ठेवतो. जैनांची पाच अणुव्रतं, अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह, किती शतकं तीच तीच घोकून घेतली जातायत, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ ची आहे, राजवटी गेल्या, पाच व्रतं तिथंच. माणूस विसरतो, म्हणून रोज कुणीतरी म्हणून घ्यावं लागतं.

प्रश्न: आपल्याकडं इतके धर्म, इतक्या भाषा, मग बाजारात नीती एकच कशी काय?

ताटात वेगळी आहे, तराजूत एकच आहे. जैन शेठजी सूर्य मावळल्यावर जेवणार नाहीत, बटाटा खाणार नाहीत, शेजारच्या मराठ्याच्या घरी रविवारी तांबडा रस्सा, त्याच्या पलीकडं मुसलमानाचा रोजा, लिंगायताच्या गळ्यात इष्टलिंग, कॅम्पात ख्रिश्चनांचं चर्च. पण ऊस घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला कुठं काटा मारला म्हणून कळलं की सगळ्या धर्मांच्या शिव्या एकाच सुरात ऐकायला मिळतात, कन्नड-मराठी मिक्स. काटा मारणं वाईट हे कुठल्या ग्रंथात बघायला कुणी जात नाही.

ऑलिव्हर स्कॉट करी आणि त्याच्या ऑक्सफर्डमधल्या सोबत्यांनी जगभरातल्या ६० समाजांची वर्णनं चाळून २०१९ ला मांडलं की सात गोष्टी सगळीकडं चांगल्याच धरल्या जातात. घरच्यांना मदत, आपल्या गटाशी इमान, घेतलेल्याची परतफेड, शौर्य, थोरांचा मान, वाटणी नीट करणं आणि दुसऱ्याच्या मालाला हात न लावणं. त्यांचं म्हणणं, सगळं मिळून राहण्यातनं आलंय. यादी वाचून आमची आजी म्हणाली असती, ह्यात नवीन काय.

सौंदत्ती तालुक्यात हिरेबिदनूर म्हणून गाव आहे, तिथं मुसलमानाचं घर नाही तरी मोहरम होतो, गावचे हिंदूच करतात. पंजे उठतात, लोक नवस बोलतात. धर्म कुणाचा आणि संस्कृती कुणाची ह्याची वाटणी कागदावर होते, गावात नाही होत. विठोबाला सुद्धा आपण कानडाच म्हणतो की.

प्रश्न: मग १ नोव्हेंबरला ही नीती कुठं जाते?

टोमणा समजला. एका रस्त्यानं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या रस्त्यानं आपला मराठी लोकांचा काळा दिन, बेळगाव महाराष्ट्रात गेलं नाही म्हणून, १९५६ पासनं. एकाचा सण तो दुसऱ्याचं सुतक. वरच्या सात गोष्टींत 'आपल्या गटाशी इमान' आहे ना, ती एक बाकीच्या सहांच्या अंगावर बसते त्या दिवशी. दोन्हीकडच्या पोरांना आपण नीतीनंच वागतोय असं वाटतं आणि एका अर्थी ते खोटं पण नाही. माझं स्वतःचं सांगायचं तर मी काळा शर्ट घालतो, आणि संध्याकाळी शेजारच्या अण्णांकडं चहाला जातो. ते काही बोलत नाहीत, मी काही बोलत नाही. ह्याला भित्रेपणा म्हणा की शेजारधर्म म्हणा.

प्रश्न: पोरगा बेंगळुरूला आयटीत गेला आणि देवाला हात जोडत नाही, बिघडला का?

एका काकूंनी विचारलेलं, डोळ्यात पाणी होतं म्हणून हसलो नाही. काकू, तो फोन करतो का? करतो. पैसे पाठवतो का? पाठवतो. बापाच्या ऑपरेशनला रजा टाकून आला होता ना? आला होता. मग. आणि त्याला पण सांगितलंय मी, आई घरात दिवा लावते तेव्हा लॉजिक काढत बसू नको, तू तिला पटवायला जातोस ती तुझी हौस, तिला काही पडलेलं नाही. देव मानणारा पोरगा बिघडलेला मी बघितलाय, न मानणारा पण बघितलाय, दोघांची दारू सेम ब्रँडची होती.

प्रश्न: मग घरात शिकवायचं काय, शुभंकरोती की नुसत्या गोष्टी?

शुभंकरोती म्हणून घ्या की, काय बिघडतंय, सात वाजता पोरं घरात येतात, आजीशेजारी बसतात, तेवढं तरी होतं. फक्त चुकल्यावर 'देव शिक्षा करेल' ह्यावर थांबू नका. कुणाला लागलं ते दाखवा. आमच्या आईची पद्धत अशी होती की कुणाची पेन्सिल घरी आली की ती रागवायची नाही, विचारायची, तो आज कशानं लिहीत असेल गा? झोप लागायची नाही. मी तीन वेळा उठून दप्तर बघायचो.

आणि भांडण झालं, पोरानं विचारलं की आपल्यात असं का करत नाहीत, तर 'आपल्यात नसतं' एवढंच सांगून गप्प बसवू नका, खरं कारण माहीत असेल तर सांगा, नसेल तर आजोबांना विचारून सांगतो म्हणा. आजोबांना पण माहीत नसतं, ते कळणं पोराच्या दृष्टीनं चांगलंच.

प्रश्न: त्या शंभर रुपयांचं काय झालं?

हे सगळेच विचारतात, बाकीचं एवढं लिहिलेलं राहतं बाजूला. सांबऱ्याच्या अलीकडं गर्दी जरा कमी झाली तेव्हा उठून कंडक्टरकडं गेलो, म्हटलं मघाशी दोन नोटा चिकटून आल्या. त्यानं नोट घेतली, बॅगेत टाकली, माझ्याकडं बघितलं, गळ्यातली माळ बघितली आणि हात जोडून म्हणाला, "देवरु चलो बुद्धी कोट्टान नोड्री." देवानं चांगली बुद्धी दिली बघा. मी मागं वळून बघितलं तर आजी तिकीट मुठीत धरून झोपली होती.